परदेशात शहर पेटलं तर: आधी काय करून ठेवायचं आणि त्या दिवशी काय करायचं

मी नोकरीला होते त्या शहरात एका मंगळवारी दुपारी साडेतीनला ऑफिसने सगळ्यांना घरी सोडलं. कारण विचारलं तर "पुढे गाड्या मिळणार नाहीत" एवढंच उत्तर. सहाला संचारबंदी लागली, रात्री दहाला इंटरनेट गेलं आणि पुढचे चार दिवस मी आणि माझी रूममेट तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अडकून पडलो. नळाचं पाणी उकळून प्यायलो. दोघींकडे मिळून रोख होती ती एका टॅक्सीपुरती. माझा पासपोर्ट परवाना नूतनीकरणासाठी कंपनीच्या कपाटात होता, आणि ते ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला.

आम्हाला काही झालं नाही. पण त्या चार दिवसांत ज्या ज्या गोष्टींवरून जीव वरखाली झाला, त्यातली एकही तेव्हा करता येण्यासारखी नव्हती. सगळ्या दोन महिने आधी, एखाद्या निवांत रविवारी उरकल्या असत्या. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या रविवारबद्दलच आहे.

देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझे सहकारी अजून तिथेच राहतात. उदाहरणं इतर ठिकाणची घेतली आहेत. नुकतेच परदेशात आलेले विद्यार्थी आणि नोकरदार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

१. वारं कुठून येतंय ते ओळखा

दंगल आभाळातून पडत नाही. २०२४ साली केनियात लोक रस्त्यावर आले ते करवाढीच्या विधेयकावरून, आणि विधेयक संसदेत कधी येणार हे सगळ्यांना माहीत होतं. दक्षिण आफ्रिकेत जुलै २०२१ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा तुरुंगात गेल्यावर लुटालूट सुरू झाली आणि साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. नेपाळ सरकारने सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला काठमांडूत निदर्शकांवर गोळीबार झाला, ९ तारखेला संसद जळत होती आणि विमानतळ बंद होता. म्हणजे "जरा तणाव दिसतोय" पासून "बाहेर पडता येत नाही" पर्यंत जेमतेम दीड दिवस.

तेव्हा निवडणुकीचा निकाल, मोठ्या खटल्याचा निवाडा, इंधनाची दरवाढ, एखाद्या जुन्या हत्याकांडाचं स्मरण अशा तारखा कॅलेंडरवर टाकून ठेवा. स्थानिक भाषा येत नसली तरी तिथलं एक वर्तमानपत्र रोज भाषांतर करून चाळायची सवय लावा. शेजारी, दुकानदार, घरमालकीण यांना विचारा. "उद्या दुकान उघडणार का?" या प्रश्नाचं उत्तर बातम्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: या लोकांचा राग कोणावर आहे? सरकारवर असेल तर सरकारी इमारती, मुख्य चौक आणि पोलीस ठाण्यांपासून लांब राहिलं की बरंचसं भागतं. परक्यांवर असेल तर हिशोबच बदलतो. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकमध्ये मे २०२४ मध्ये एका मारामारीचा व्हिडिओ फिरला आणि काही दिवसांतच जमावाने परदेशी विद्यार्थ्यांची वसतिगृहं गाठली. अशा वेळी तुमचं राहतं घरच धोक्याची जागा असू शकतं.

२. दूतावासाला तुम्ही आहात हे कळू द्या

भारतीय दूतावासांच्या संकेतस्थळांवर बहुतेक ठिकाणी नोंदणीचा अर्ज असतो. तो भरा. घर बदललं, नंबर बदलला की माहितीही बदला. जुन्या पत्त्यावरची नोंद म्हणजे नसल्यातच जमा. दूतावासाचा आणीबाणीचा नंबर फोनमध्ये ठेवाच, पण कागदावर लिहून पाकिटातही ठेवा.

दूतावास काय करू शकत नाही हेही समजून घ्या. तो तुमच्या दारात गाडी पाठवत नाही, अटक झाली तर सोडवून आणत नाही (भेटू शकतो, घरी कळवू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो) आणि मोठ्या गोंधळात त्याचे फोन तासन्‌तास लागत नाहीत. तेव्हा आपल्या भागातल्या भारतीयांचा एक छोटा गट असू द्या. दोनशे जणांचा नको, आठदहा जणांचा पुरे, ज्यांची घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

३. कागदपत्रं

एका जलरोधक पाकिटात, हाताशी:

– पासपोर्ट, मूळ प्रत. मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आजच नूतनीकरणाला टाका
– व्हिसा किंवा निवास परवाना
– विद्यापीठाचं किंवा कंपनीचं ओळखपत्र, शक्य तर स्थानिक भाषेतलं
– घरभाडे करार किंवा वसतिगृहाचं पत्र. संचारबंदीत "मी इथेच राहतो" हे सिद्ध करायला उपयोगी
– डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची रासायनिक नावं, रक्तगट
– विम्याची पॉलिसी
– लसीकरणाचे दाखले
– पासपोर्ट आकाराचे चारसहा फोटो

सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत, स्कॅन फोनमध्ये ऑफलाइन, आणि एक संच घरच्यांकडे. फक्त क्लाउडवर ठेवलंत तर नेट गेल्यावर ते क्लाउडवरच राहील.

यातला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातला पासपोर्ट. येमेनमध्ये २०१५ साली मालकांनी पासपोर्ट अडकवून ठेवल्यामुळे अनेक भारतीय परिचारिकांचं निघणं रखडलं होतं. सुदानमध्ये २०२३ ला लढाई पेटली तेव्हा काही परकीय दूतावास घाईघाईत रिकामे झाले आणि व्हिसासाठी जमा केलेले स्थानिक लोकांचे पासपोर्ट आतच राहिले, काही नष्टही केले गेले. तारखांच्या दृष्टीने वातावरण तापलेलं असेल तर दुसऱ्या देशाच्या व्हिसासाठी पासपोर्ट देऊ नका. मालकाने "सुरक्षिततेसाठी" मागितला तर झेरॉक्स द्या. नूतनीकरणासाठी द्यावाच लागला तर पावती घ्या आणि किती दिवसांत परत मिळेल ते लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं.

पासपोर्ट हरवलाच तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, तिसऱ्या देशात फिरता येत नाही. परदेशात बाळ झालं असेल तर त्याचा जन्मदाखला आणि पासपोर्ट लगेच करून घ्या. आईबापांचे कागद चोख आणि तीन महिन्यांच्या बाळाकडे एकही कागद नाही, अशी कुटुंबं हमखास अडकतात.

लसीकरणाचा दाखला यादीत का, असं वाटेल. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वर (यलो फीव्हर) असलेल्या देशांतून भारतात येताना त्या लशीचं कार्ड लागतं. २०२३ मध्ये सुदानमधून सुटून आलेल्या शंभराहून अधिक जणांना कार्ड नसल्यामुळे भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहावं लागलं. युद्धातून जिवानिशी सुटायचं आणि घराऐवजी विलगीकरण कक्षात जायचं, हे एका पिवळ्या कार्डावरून.

४. घरात काय हवं

सात दिवस बाहेर न पडता काढता येतील इतकं. माणशी दिवसाला तीनचार लिटर पाणी धरा, त्यात पिणं आणि जुजबी स्वयंपाक येतो. गडबडीची चाहूल लागली की बादल्या, पातेली, बाटल्या सगळं भरून घ्या. पंप विजेवर चालतात. न शिजवता खाता येईल असं काहीतरी, रोजच्या औषधांचा महिनाभराचा साठा, पॉवर बँक, बॅटरी, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी.

रोख रक्कम घरात हवीच. नेट गेलं की कार्ड चालत नाही आणि एटीएम पहिल्याच दिवशी रिकामी होतात. नोटा लहान ठेवा. अशा वेळी सुटे परत द्यायला कोणी बसलेलं नसतं. थोडे डॉलर किंवा युरो वेगळे, शिवलेल्या खिशात.

बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घ्या. हसू नका. युक्रेनवर २०२२ मध्ये हल्ला झाल्यावर बीबीसीने त्या भागासाठी शॉर्टवेव्हवर बातम्या पुन्हा सुरू केल्या, त्या उगाच नाही.

कोणती खोली आतली, रस्त्याकडे खिडकी नसलेली, ते आधीच बघून ठेवा. गोळीबार ऐकू आला तर तिथे जमिनीवर बसायचं, आपल्यात आणि रस्त्यात शक्यतो दोन भिंती हव्यात. मागच्या जिन्याची चावी कोणाकडे असते तेही विचारून ठेवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी वरच्या कोणाशी तरी बोलून ठेवलेलं बरं.

५. निघायची रेघ आधीच मारा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळे हाच टाळतात.

युक्रेनची हकिकत बघा. भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ ला सांगितलं की ज्यांचं राहणं गरजेचं नाही, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघून जावं. २० तारखेला पुन्हा सांगितलं. २२ तारखेला तर स्पष्टच लिहिलं की विद्यापीठ ऑनलाइन वर्गांचं कळवेल याची वाट बघू नका. तरीही हजारो मुलं थांबली, कारण हजेरी, फी, परीक्षा. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. मीही त्या वयात हजेरीचाच विचार केला असता. २४ तारखेला पहाटे हल्ला झाला, आकाश बंद झालं आणि मुलांना न्यायला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतून माघारी फिरलं. पुढे ऑपरेशन गंगा ही भारत सरकारची बचाव मोहीम झाली, पण त्यासाठी आधी पोलंड, हंगेरी, रोमानियाच्या सीमेपर्यंत थंडीत पोचावं लागलं.

वाट बघण्याचं कारण नेहमीच शहाणपणाचं वाटतं. म्हणून डोकं शांत असताना कागदावर लिहा: यातलं काय झालं की मी प्रश्न न विचारता निघेन? माझी नंतर केलेली यादी अशी:

– आपल्या दूतावासाने "निघा" म्हटलं
– दोन मोठ्या विमान कंपन्यांनी उड्डाणं रद्द केली
– इतर दूतावास आपल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं परत पाठवू लागले
– माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर गोळीबार झाला
– परदेशी म्हणून माझ्या ओळखीच्या कोणावर हल्ला झाला

यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर तिकीट काढायचं. साधं प्रवासी विमान उडतंय तोवर ते पकडणं हा सर्वांत स्वस्त आणि सोपा मार्ग. बचाव मोहीम ही त्यानंतरची गोष्ट. त्या एका तिकिटाचे पैसे बाजूला ठेवा आणि खर्चू नका. फुकट गेले तर गेले.

काही देशांत बाहेर पडायलाही परवानगी लागते, आणि ती कंपनीमार्फत मिळते. तुमच्या परवान्यात ती भानगड आहे का, आजच तपासा. विम्याचंही तसंच: बऱ्याच प्रवास विम्यांत युद्ध आणि दंगल वगळलेली असते, आणि सरकारने प्रवास टाळायला सांगितल्यावर गेलात तर उरलेलंही मिळत नाही. ते कलम बारीक अक्षरांत असतं, शोधून वाचा.

६. नेट गेलं तर

बांगलादेशात १८ जुलै २०२४ ला इंटरनेट बंद झालं आणि मोबाइल डेटा सुमारे दहा दिवस परतला नाही. हजारो भारतीय विद्यार्थी त्या काळात जमिनीवरच्या सीमाचौक्यांमधून घरी आले, म्हणजे नेट नसतानाही लोक हलतात. फक्त ठरलेलं असावं लागतं.

काय ठरवायचं: पूर्ण संपर्क तुटला तर कोणाच्या घरी, किती वाजता भेटायचं. घरच्यांना काय सांगून ठेवायचं ("तीन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका, चौथ्या दिवशी दूतावासाला कळवा"). शहराचा आणि सीमेपर्यंतचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, जमल्यास छापील घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. पाच नंबर पाठ करा. खरंच पाठ करा. मला माझ्या भावाचा नंबर आठवत नव्हता.

डेटा बंद असतानाही साधा एसएमएस आणि साधा कॉल बऱ्याचदा चालतो, तेव्हा प्रीपेडमध्ये शिल्लक असू द्या. ब्रायरसारखी ॲप्स ब्लूटूथवर जवळच्या जवळ निरोप पोचवतात, पण ती दोन्हीकडे आधी घेतलेली हवीत. व्हीपीएनने काही साइट उघडतात. नेटच तोडलं असेल तर त्याचा उपयोग शून्य, आणि काही देशांत तो वापरणं गुन्हा आहे.

७. बाहेर असताना सापडलात तर

गर्दीच्या विरुद्ध दिशेने चालू नका, गर्दीबरोबर वाहतही जाऊ नका. तिरपं चालत कडेला या आणि पहिल्या सुरक्षित गल्लीत किंवा इमारतीत शिरा. काचेची दुकानं, बंद गल्ल्या, भुयारी मार्ग टाळा. दाटी वाढली तर दोन्ही हात छातीसमोर आडवे धरा, श्वासाला जागा राहते. खाली पडलेला फोन उचलायला वाकू नका. पळू नका, पळणाऱ्याकडे पोलिसांचंही लक्ष जातं आणि जमावाचंही.

अश्रुधूर सुटला तर वाऱ्याच्या उलट दिशेने, मोकळ्या आणि उंच जागी जा. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून फेकून द्या, म्हणून अशा दिवसांत चष्माच लावा. साध्या भरपूर पाण्याने डोळे धुवा. व्हिनेगर, टूथपेस्ट असले उपाय लोक सांगतील, ते नकोत. घरी आल्यावर कपडे लगेच काढून पिशवीत बांधा, शक्य असेल तर डोक्यावरून न ओढता, आणि साबणाने अंघोळ करा.

नाक्यावर अडवलं तर गाडी हळू करा, रात्री असेल तर पुढचे दिवे मंद आणि आतला दिवा सुरू, हात दिसतील असे. कागद काढण्याआधी "खिशात आहे, काढतो" असं सांगा. हे सांगता यावं म्हणून स्थानिक भाषेतली चारपाच वाक्यं घोटून ठेवा: मी विद्यार्थी आहे, मी परदेशी आहे, माझं घर पुढे आहे, मला डॉक्टर हवा. तो नाका पोलिसांचा आहे की जमावाचा हे लांबून कळेलच असं नाही. शंका आली आणि अंतर असेल तर वळून दुसरा रस्ता धरा.

८. घरात असताना काय करायचं नाही

बाल्कनीत उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही. मला माहितेय, हात शिवशिवतात. पण खालून बघणाऱ्याला फोन धरलेला माणूस खबऱ्या वाटतो, आणि गोळी चुकून लागायला बाल्कनीच पुरते. दिवे मंद, पडदे ओढलेले.

राजकीय मत लिहायचं नाही, मोर्च्यात जायचं नाही, "बघायला" सुद्धा नाही. मुद्दा तुम्हाला कितीही पटत असो. परदेशी माणसाचा परवाना यावर रद्द होऊ शकतो आणि नाक्यावर फोन उघडायला लावतात. निदर्शनांचे फोटो फोनमध्ये ठेवूच नका.

अफवा पुढे पाठवायची नाही. बिश्केकच्या त्या रात्री परदेशी विद्यार्थी मारले गेल्याच्या बातम्या फिरल्या, ज्यांना नंतर दुजोरा मिळाला नाही. पण त्या वाचून किती घरांत रात्रभर रडारड झाली असेल. गटात नियम करा: कोणी, कुठे, किती वाजता स्वतः पाहिलं ते लिहायचं, बाकी नाही.

९. निघताना

संचारबंदीत बऱ्याच देशांत पासपोर्ट आणि विमानाचं छापील तिकीट दाखवलं की विमानतळाच्या रस्त्यावर सोडतात. तरी नियम आधी विचारा, दिवसाउजेडी निघा, विमानतळावर तासन्‌तास बसायच्या तयारीने जा. खाणं, पाणी, चार्जर सोबत हवं.

विमानतळावर भिस्त ठेवता येईलच असं नाही. सुदानची राजधानी खार्टूमचा विमानतळ १५ एप्रिल २०२३ ला पहिल्याच दिवशी रणांगण झाला, आणि लोकांना बसने सुमारे साडेआठशे किलोमीटर दूर पोर्ट सुदानला जावं लागलं. तिथून जहाजाने किंवा विमानाने जेद्दा. तेव्हा जमिनीवरची एक सीमा आणि तिथे जायचे दोन रस्ते माहीत असू द्या. शेजारच्या देशाचा व्हिसा सीमेवर मिळतो का तेही. गाडी असेल तर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

दूतावासाने ठरावीक वेळेत जागा सोडायला सांगितलं तर सामान आवरत बसू नका. २ मार्च २०२२ ला युक्रेनच्या खारकीव्ह शहरातल्या भारतीयांना त्याच संध्याकाळी सहापर्यंत शहराबाहेरच्या तीन गावांपैकी एकात पोचायला सांगितलं होतं, वाहन नसेल तर चालत. चालत जायचं तर सूटकेस निरुपयोगी. पाठीवरची एक पिशवी: कागद, पाणी, औषधं, पॉवर बँक, एक उबदार कपडा, धड बूट. ती भरून दाराशी ठेवा आणि एकदा पाठीवर घेऊन दोन किलोमीटर चालून बघा. माझी तेव्हा लॅपटॉप आणि दोन जाडजूड पुस्तकांसकट नऊ किलोची भरली होती.

घर सोडण्याआधी गॅस आणि मुख्य वीज बंद करा, प्रत्येक खोलीचा फोटो काढा, घरमालकाला एसएमएस करा. अनामत रकमेचा वाद पुढे सहा महिन्यांनी निघतो तेव्हा तेच फोटो उपयोगी पडतात. विद्यापीठाला किंवा कंपनीला निघाल्याची तारीख ईमेलने कळवा, तोंडी नको. परवाना रद्द होऊ नये म्हणून देशाबाहेर किती दिवस राहता येतं तो आकडा याच ईमेलमध्ये विचारून ठेवा.